आपल्या वयाचं ओरडणं

मुंबईच्या रंगभवनातल्या रॉक कार्यक्रमांत एकेकाळी घसा बसवून घेतलेल्या आणि आता बीपीची गोळी घेऊन साडेदहाला आडवे होणाऱ्या समस्त रॉकवाल्यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा आपल्या ग्रुपवर कुणीतरी रंगभवनाचा जुना फोटो टाकला आणि खाली नेहमीचं पुराण सुरू झालं. रॉक कधीच मेलं, आता राहिलेत ते सत्तरीचे म्हातारे आणि त्यांची तिकिटं. मग एकाने लिहिलं, “ही ओरडणारी पोरं ऐकायचं आता आपलं वय राहिलंय का?” पटापट अंगठे पडले. मी गप्प बसलो, कारण त्या क्षणी मी ठाणे स्लोमध्ये दाराशी उभा राहून तेच ओरडणं ऐकत होतो आणि एका हाताने टाइप करणं शक्य नव्हतं. नाव घेत नाही. असं म्हणणारा तो एकटा नाही, म्हणूनच उत्तर ग्रुपवर न टाकता असं उघड्यावर लिहितोय.

आपली पिढी म्हणजे कोण ते आधी सांगतो, म्हणजे बाकीच्यांना उगाच बोल लागायला नको. ऱ्हिदम हाउसमध्ये तासभर कॅसेटी चाळून एकच विकत घेणारे आपण. फोर्टच्या फुटपाथवर एका एमपी३ सीडीत दीडशे गाणी मिळतात म्हटल्यावर हरखून गेलेले आपण. २००७ला आयर्न मेडनसाठी उद्यान एक्स्प्रेसने बंगलोर गाठलं आणि २०११ला मेटॅलिकासाठी परत गेलो तेही आपणच. मग लग्नं झाली, घराचे हप्ते सुरू झाले. रंगभवन शांतता क्षेत्रात अडकून गप्प झालं, २०१६ला ऱ्हिदम हाउसचं शटर पडलं, आणि आपण परस्पर ठरवून टाकलं की संगीतही तिथेच थांबलं. २०२५च्या मार्चमध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ग्रीन डे आले, तेव्हाही तुम्ही १९९४च्या अल्बमातली गाणी सोडून बाकीच्या वेळी खायला काय मिळतंय ते बघत होता. मी बघितलंय.

माझं म्हणणं असं की गेल्या दोन-चार वर्षांतले या ओरडणाऱ्या जातीचे, म्हणजे पोस्ट-हार्डकोरचे, चांगले अल्बम पोरांसाठी नाहीतच. चाळिशी ओलांडलेल्या किंवा तिच्या दाराशी आलेल्या लोकांनी ते केलेत आणि त्यात आई-बाप जाण्याबद्दल, लग्न उसवण्याबद्दल, रात्री तीन वाजता डोळे टक्क उघडे राहण्याबद्दल लिहिलंय. आपलं वय होण्याची वाट बघत बसलेलं संगीत आहे हे, आणि नेमके आपणच “वय राहिलं नाही” म्हणून उठून चाललोय.

पोस्ट-हार्डकोर हे नाव ऐकून घाबरू नका. हार्डकोर पंकचा राग आणि वेग घ्यायचा, पण दीड मिनिटात विषय गुंडाळायचा नाही. मध्येच थांबायचं, कुजबुजायचं, ताल मोडायचा, आणि मग ओरडायचं. वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने १९८०च्या दशकाच्या शेवटी याला आकार दिला. तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवायचं आणि सोळा वर्षांच्या पोरालाही आत सोडायचं, हा त्यांचा खाक्या. २००१च्या ‘द आर्ग्युमेंट’नंतर त्यांचा नव्या गाण्यांचा अल्बम आलेला नाही. आपल्याकडे ते कुणी ऐकले नाहीत. मीही उशिरा ऐकले, ऑफिसच्या इंटरनेटवर.

पण एक माणूस तुम्ही नक्की ऐकलाय. कॉर्नचा १९९४चा पहिला अल्बम आणि स्लिपनॉटचा १९९९चा आठवतो? हॉस्टेलच्या भिंतींना पोपडे आले होते. दोन्हींचा निर्माता रॉस रॉबिन्सन. २०००मध्ये अ‍ॅट द ड्राइव्ह-इनचा ‘रिलेशनशिप ऑफ कमांड’ त्यानेच केला, आणि २०२४च्या ऑक्टोबरात आलेला टूशे आमोरेचा ‘स्पायरल इन अ स्ट्रेट लाइन’ही त्याचाच. तेव्हा “ही नवी पोरं” वगैरे राहू द्या. निर्मात्याच्या खुर्चीत आपलाच जुना माणूस बसलाय.

टूशे आमोरे हा लॉस एंजेलिसकडचा बँड. त्यांचा गायक जेरेमी बोम घशातून राक्षस काढत नाही. सुटलेल्या गाडीतल्या माणसाला फलाटावरून काहीतरी शेवटचं सांगायचं राहून गेलं की आवाज कसा फाटतो, तसा त्याचा आवाज सतत फाटलेला असतो. शब्द कळतात. कधीकधी नको इतके कळतात. नव्या अल्बममध्ये बाहेरून सगळं सुरळीत आणि आत गरगर, अशी अवस्था आहे. गाणी छोटी आहेत, गिटारी उजळ आहेत, आणि त्या उजेडातच तो कोसळत असतो. मधली दोन-तीन गाणी मला एकमेकांची भावंडं वाटली. एखादं गाळलं असतं तरी चाललं असतं. लू बार्लोला बोलावून केलेलं गाणं त्याचा सेबडोह हा बँड ऐकलेल्यांसाठी आठवणींचा खाऊ आहे, आपल्याकडे ती आठवण नाही, त्यामुळे मी तिथे कोरडाच राहिलो. शेवटच्या गाण्यात ज्युलियन बेकर ही गायिका येते तेव्हा मात्र हिशोब चुकता होतो.

पण सुरुवात करायची तर त्यांच्या २०१६च्या ‘स्टेज फोर’पासून करा. नाव दुहेरी आहे. त्यांचा चौथा अल्बम, आणि बोमच्या आईच्या कॅन्सरची चौथी पायरी. २०१४ला ती गेली तेव्हा तो फ्लोरिडात स्टेजवर गात होता. तिने फोनवर ठेवलेला शेवटचा निरोप ऐकायचं धाडस अजून होत नाही, असं तो दुसऱ्या गाण्यात कबूल करतो. अल्बम संपतो तो त्या निरोपावर.

माझ्या फोनमध्ये बाबांची एक व्हॉइस नोट आहे. सत्तावीस सेकंदांची. न ऐकल्याची हिरवी खूण तिच्यावर पाच वर्षं तशीच आहे. मधल्या काळात दोन फोन बदलले, दोन्ही वेळा दुकानातल्या पोराला आधी बॅकअप नीट झालाय ना ते तीनदा विचारलं. बहुतेक येताना चक्कीवरून दळण घेऊन ये, एवढंच असणार त्यात. ‘स्टेज फोर’ मी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकला त्या दिवशी मुलुंडला उतरायचं राहिलं. ठाण्याला उतरलो, पलीकडच्या फलाटावर गेलो, परत आलो. घरी सांगितलं, गाडी लेट होती.

आता ग्रुपवरच्या त्या वाक्याऐवजी ज्याला अंगठे मिळाले असते तर बरं झालं असतं तो अल्बम. ला डिस्प्यूटचा ‘नो वन वॉज ड्रायव्हिंग द कार’, सप्टेंबर २०२५. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सचा हा बँड, आणि सहा वर्षांनी आलेला त्यांचा हा पाचवा अल्बम. यांचा जॉर्डन ड्रायर गात नाही, आख्यान लावतो. कीर्तनात बुवा पूर्वरंग संपवून गोष्टीत शिरतात, मागे पेटी-तबला नुसता धरून असतो, आणि प्रसंग आला की सगळं एकदम चढतं, तो प्रकार. फरक इतकाच की बुवांना शेवट ठाऊक असतो, ड्रायरला नसतो.

नाव कुठून आलं तेही बघण्यासारखं आहे. २०२१मध्ये टेक्सासमध्ये एका टेस्लाला भीषण अपघात झाला, दोघे गेले, आणि गाडी कुणीच चालवत नव्हतं असं एका पोलीस अधिकाऱ्याने सांगितलं. ते वाक्य ड्रायरच्या डोक्यात बसलं. ग्रँड रॅपिड्स म्हणजे डच कॅल्विनपंथीयांचं जुनं गाव. तुमचा उद्धार की नाश हे तुमच्या जन्माआधीच ठरलेलं आहे, ही तिथली शिकवण. आपल्या सटवाईने कपाळावर लिहिलेलं तसंच, फक्त पुसायला नवस नाही. म्हणून अल्बमभर एकच प्रश्न घोळतो: हे आयुष्य चालवतंय कोण? गंमत अशी की नंतरच्या सरकारी तपासात त्या अपघाताच्या वेळी चालकाच्या जागेवर माणूस होता असंच निघालं. म्हणजे अल्बमचं नाव ज्या वाक्यावर उभं आहे ते वाक्यच चुकीचं. मला हे कळल्यावर अल्बम आणखी आवडला. आपल्यापैकी कितीजण गेली दहा वर्षं “माझ्या हातात काय होतं” म्हणत फिरतायत, आणि नीट तपास केला तर सीटवर तेच सापडतील.

दोष आहेत. अल्बम तासाभराहून लांब आहे आणि मधे एक पट्टा असा येतो की बुवांनी आता अभंग घ्यावा असं वाटायला लागतं. आठ मिनिटांचं एक गाणं मी तीनदा अर्ध्यात सोडलं. चौथ्यांदा पावसात, बंद पडलेल्या गाडीत, मेकॅनिकची वाट बघताना पूर्ण ऐकलं. तेव्हा ते लांब का आहे ते समजलं. एक्स्प्रेसवेवर गाडी चालवताना मात्र लावू नका. नावामुळे म्हणत नाही, घाटात खरंच लक्ष उडतं.

टर्नस्टाइलबद्दल आपलं भांडण होणार हे मला माहीत आहे, कारण तुमच्या मुलांच्या फोनवर हाच बँड आहे. बाल्टिमोरची ही मंडळी, फुगाझीच्या वॉशिंग्टनपासून गाडीने तासाभरावर. २०२१चा ‘ग्लो ऑन’ मी डोळे झाकून कुणालाही देईन: पंधरा गाणी, पस्तिसेक मिनिटं, एकही सेकंद फुकट नाही. जून २०२५चा ‘नेव्हर इनफ’ मला तितका पटला नाही. आवाज चकचकीत झालाय, गिटारीवर पॉलिश चढलंय, आणि गाणं संपलं तरी निघत नाही. निघतो-निघतो म्हणत दारात चप्पल घालून अर्धा तास बोलणारा पाहुणा असतो ना, तशी मागे सिंथची धून रेंगाळत राहते. एका गाण्याच्या शेवटी शबाका हचिंग्सची बासरी येते तेव्हा त्या रेंगाळण्याला अर्थ येतो, एरवी नाही. पण अल्बम यायच्या आधी मे महिन्यात त्यांनी आपल्या गावातल्या बागेत फुकट कार्यक्रम केला आणि बेघरांच्या दवाखान्यासाठी वर्गणी गोळा केली. त्याची चित्रफीत बघा. स्टेजवर कोण बँडमधला आणि कोण गावातला, ओळखता येत नाही. दहीहंडीत वरच्या थराचा पोरगा खाली येताना हजार हात वर होतात, तसे हात.

शेलॅकवर, म्हणजे स्टीव्ह अल्बिनीच्या बँडवर, मी तटस्थ नाही, आधीच सांगतो. अल्बिनी ७ मे २०२४ला हृदयविकाराने गेला. वय ६१. निर्वाणाचा ‘इन युटेरो’ तुम्हाला पाठ आहे, तो त्याने ध्वनिमुद्रित केला होता. कामाचे ठरलेले पैसे घ्यायचे, विक्रीतला वाटा घ्यायचा नाही. प्लंबरसारखे पैसे द्या, असं तो म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या बँडचा ‘टू ऑल ट्रेन्स’ आधीच तयार होता. तो दहा दिवसांनी, १७ मेला बाहेर आला. नाव वाचून मला आधी हसू आलं, सीएसएमटीच्या पुलावरची पाटीच जणू. मग शेवटच्या गाण्याचं नाव वाचलं. नरकाला मी भीत नाही, अशा अर्थाचं. ज्याने लिहिलं त्याला मे महिन्यात काय होणार हे माहीत नव्हतं. अख्खा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो. तिघेच जण, एक गिटार, एक बेस, एक ड्रम सेट, मध्ये भरपूर मोकळी जागा. ड्रमवर काठी पडली की खोलीची लांबी-रुंदी कळते. आपल्या दहा बाय बाराच्या दिवाणखान्यात तो लावला तेव्हा आमच्या घरातही इतकी जागा आहे हे पहिल्यांदा जाणवलं.

इंडी रॉकचं, म्हणजे बड्या कंपन्यांबाहेर वाढलेल्या रॉकचं, थोडक्यात आटोपतो, कारण तिथे ओरडणं कमी आणि तुमची तक्रारही कमी. वेन्झडे हा नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलचा बँड. यांच्यात एकजण स्टील गिटार वाजवतो, आणि ते सूर ऐकून मला गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राचे हवाईयन गिटारवाले काका आठवतात. तेच घसरत जाणारे स्वर, फक्त इथे मागून विजेच्या गिटारींचा ढिगारा कोसळत असतो. कार्ली हार्ट्झमन गाण्यांतून गावातल्या गोष्टी सांगते: कोण कुठे सापडलं, कुणाचं घर जळालं, पेट्रोल पंपावर काय घडलं. २०२३च्या ‘रॅट सॉ गॉड’मध्ये आठ मिनिटांहून मोठ्या एका गाण्याच्या शेवटी ती किंचाळत सुटते, आणि ते किंचाळणं ऐकताना तुम्ही पंख्याकडे बघत बसता. २०२५चा ‘ब्लीड्स’ त्यापेक्षा नेटका आहे, मला मात्र ‘रॅट सॉ गॉड’ जास्त लागला. ‘ब्लीड्स’मध्ये गिटारवर एम. जे. लेंडरमन आहे. तो आणि कार्ली पूर्वी जोडीदार होते, वेगळे झाले, तरी अल्बम एकत्र पुरा केला. आपल्याकडे एवढ्यात बँड काय, सोसायटीची कमिटीही फुटते.

ब्रुकलिनच्या गीस या बँडचा ‘गेटिंग किल्ड’ सगळ्या समीक्षकांनी डोक्यावर घेतला. ही मात्र खरीच पोरं, विशीच्या सुरुवातीची, त्यामुळे माझ्या मुद्द्याला छेद जातो हे मान्य. गायक कॅमेरॉन विंटरचा आवाज म्हणजे सर्दीत पहाटे उठवून गायला बसवल्यासारखा. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटांत बंद केला. आठवड्याने बायको म्हणाली, ते सर्दीवाल्याचं लाव. आता घरात त्याचं तेच नाव आहे. खरा ऐवज त्यांच्या ड्रमवाल्याकडे आहे. गाणं मोडणार, मोडणार असं वाटत असतं आणि तो ते एका हाताने धरून ठेवतो. दहापैकी आठ देईन, जगाने केलेलं कौतुक मला जास्त वाटतं.

डब्लिनच्या फाँटेन्स डी.सी.चा २०२४चा ‘रोमान्स’ यातला सगळ्यात सोपा. त्यातल्या एका गाण्यात गायक ग्रियन चॅटन ओळ संपली की जोरात श्वास आत ओढतो, तोच त्या गाण्याचा ठेका. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर त्याला घाबरं होऊन छाती भरून आली होती, तिथून ते गाणं निघालं. आपल्यापैकी निदान तिघांनी असल्या धडधडीसाठी रात्री ईसीजी काढलाय आणि “गॅसेस होते” म्हणून ग्रुपवर हसण्यावारी नेलंय. त्यांनी आधी हे गाणं ऐकावं.

आणि ओरडणं ही परदेशी थेरं म्हणणाऱ्यांसाठी: आपल्या मुंबईच्याच स्क्राइब या बँडने २०१०ला ‘मार्क ऑफ तेजा’ आणि २०१४ला ‘हेल मोगॅम्बो’ काढला होता. नावं वाचूनच कळेल की हे कुठल्या मातीतलं आहे. तेव्हाही आपण “चांगलं आहे, पण...” म्हणालो होतो.

एक तक्रार मात्र तुमची खरी आहे. पहिल्या ऐकण्यात शब्द कळत नाहीत आणि सगळा गोंगाट वाटतो. यावर माझा उपाय जुनाच आहे. कॅसेटच्या आतला घडी घातलेला कागद उघडून आपण आधी शब्द वाचायचो, मग प्ले दाबायचो. आता कागद फोनवर असतो, एवढंच. आधी वाचा. ला डिस्प्यूट तर कथा वाचल्यासारखे वाचता येतात. आणि आवडलं तर नुसतं स्ट्रीम करून सोडू नका, बँडकॅम्प या साइटवर विकत घ्या. कॅसेटला पन्नास-साठ रुपये मोजताना आपण कधी कुरकुरलो नव्हतो, तेही खिशात पाकीटमनी असताना.

तेव्हा येत्या रविवारी माझ्याकडे या. सगळे अल्बम वाजवणार नाही, घाबरू नका. शेलॅक पूर्ण, ‘स्टेज फोर’ पूर्ण, मध्ये चहा आणि कांदाभजी. नावं ठेवायची असतील त्यांनी ऐकून झाल्यावर ठेवावीत. कुणी दहा मिनिटांनी उठून गेलं तरी राग नाही, मीही गीसच्या वेळी तेच केलं होतं.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
मुलुंडचा एक जुना रंगभवनवाला

ता. क. दुपारी चारलाच या. नऊनंतर आवाज वाढला की खालचे काका काठीने छत ठोकतात. गेल्या खेपेला शेलॅक चालू होता आणि ते अगदी तालात ठोकत होते, पण दर वेळी तसं जमेलच असं नाही.